सायकल मुलीची, मग पाना तिच्या हातात का नाही? शाळेतच दुरुस्ती शिकवण्यासाठी काय करावं

मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या 125 तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल मिळते. पण टायर बसला, चेन उतरली की तीच सायकल घराच्या भिंतीला टेकून उभी राहते. दुकान बाजारगावात. भाऊ किंवा वडील मोकळे होईपर्यंत मुलीची शाळा बुडते.

मुली मागे का राहतात?

सायकल दुरुस्ती आपल्याकडे पुस्तकातून कुणी शिकत नाही. पोरं सुट्टीत दुकानात बसतात, मिस्त्रीला पाना देता देता शिकतात. मुलीला तिथं कुणी बसू देत नाही. पाड्यावर, तांड्यावर तर दुकानच नसतं. दिव्यांग व्यक्तीच्या हाताने चालवायच्या तीनचाकीला कोण हात लावणार, हाही प्रश्नच. म्हणजे या लोकांना जमत नाही असं नाही. शिकायची जागाच त्यांच्यासाठी नाही.

म्हणून शिकवणं दुकानातून शाळेत, अंगणवाडीत, समाजमंदिरात आणलं पाहिजे.

वर्ग कसा घ्यावा?

- वेळ : शाळेच्या वेळेतच. संध्याकाळी ठेवला तर पाणी, स्वयंपाक, धाकटी भावंडं यात मुली अडकतात.
- गट : एका सायकलीला चार-पाच जणी. पाना प्रत्येकीच्या हातात गेला पाहिजे. मुलं-मुली एकत्र असतील तर पोरं पाना ओढून घेतात आणि मुली नुसत्या बघत राहतात. तिकडं लक्ष ठेवा.
- शिकवणारे : गावातला मिस्त्री चालेल, सोबत एक शिक्षिका असावी. पुढच्या वर्षी शिकलेल्या मुलींनीच धाकट्यांना शिकवावं.
- भाषा : भिली, पावरी, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या मुलांना आधी त्यांच्या बोलीत सांगा. ऐकू न येणाऱ्याला करून दाखवा.
- दिव्यांग : सायकल टेबलावर किंवा ओट्यावर ठेवली की बसूनही काम करता येतं. तीनचाकी दुरुस्तीचा एक वर्ग वेगळा घ्या.

हाताने करून शिकण्याची पद्धत राज्यात नवी नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी सुरू केला, तो याच विचारावर.

पहिला धडा : पंक्चर

1. आधी वॉल्व्हवर थोडं पाणी लावा. बुडबुडे आले तर पंक्चर नाही, वॉल्व्हची रबरी नळी गेलीय. ती बदलली की काम झालं.
2. बुडबुडे नसतील तर हवा सोडून वॉल्व्ह काढा. टायरची एकच कड लिव्हरने रिमबाहेर घ्या. त्यासाठी चाक काढावं लागत नाही. स्क्रूड्रायव्हर वापरू नका, ट्यूब फाटते.
3. ट्यूब बाहेर ओढा, हवा भरून पाण्याच्या घमेल्यात फिरवा. बुडबुडे येतील तिथं खूण करा.
4. ट्यूब कोरडी करून काचपेपरने घासा. सोल्यूशन पातळ लावा, थोडं सुकू द्या, मग पॅच घट्ट दाबा.
5. टायर आतून कापडाने पुसत काटा शोधा. बाभळीचा काटा राहिला तर पंक्चर पुन्हा होणारच.

पुढच्या वर्गांत ब्रेक आवळणं, चेन ताणून तेल देणं, चाकाचे नट आवळणं घ्या. ब्रेकचं काम झालं की सायकल हळू चालवून ब्रेक लागतो का ते आधी बघा, मगच रस्त्यावर न्या.

सामान आणि पैसा

पाने, दोन-तीन लिव्हर, पंप, काचपेपर, सोल्यूशन, पॅच आणि वॉल्व्हच्या नळ्या एवढी एक पेटी शाळेत पुरते. पेटी कुलपात पडून राहू नये; किल्ली वर्गातल्या मुलीकडेही असावी.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पेटीची आणि तीनचाकीच्या सुट्या भागांची मागणी ग्रामसभेत लेखी मांडता येते. आठवीपर्यंतच्या शाळेत व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला असणं कायद्याने बंधनकारक आहे. त्या मातांनी विषय काढला तर तो टाळणं सोपं नाही.

बायकांना जमेल का?

तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेतच बायकांना सायकल चालवायला शिकवली. लाखाहून जास्त जणी शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. गावात, गटाने शिकवलं म्हणून ते झालं. पाना धरायलाही तीच वाट आहे.

वर्ग सुरू झाल्यावर दर महिन्याला एक गोष्ट मोजा : गावात मुलींच्या किती सायकली बिघडून उभ्या आहेत. तो आकडा कमी होत नसेल, तर वर्गाला कोण येत नाही ते शोधा आणि त्यांच्या वस्तीवर जाऊन वर्ग घ्या.