खोडव्याचं रान

थोरल्या मुलानं केंब्रिजला नोकरी धरली त्याला आता नऊ वर्षं झाली. बोलावणं दरसाल यायचं, पण कधी ऊसतोड, कधी आडसाली लागण, कधी मोटारीचा घोटाळा. शेवटी घरातल्यांनीच ठरवलं. म्हणाल्या, "तुमचा ऊस काय पळून जात न्हाई. नातू मोठा हुतोय तिकडं." एप्रिलमध्ये गेलो. पोरानं हौसेनं लंडन दाखवलं, राजवाडा दाखवला, पूल दाखवले. ते बघून झालं आणि विसरूनही गेलं. ध्यानात राहिलं ते एक लहानसं रान.

आमच्या कृष्णाकाठाला पिकाच्या शेतालाही रान म्हणतात आणि झाडाझुडपालाही रानच म्हणतात. इथं मी झाडांच्या रानाबद्दल लिहितोय. पण पुढं शेताचं रानही येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

केंब्रिजपासून पूर्वेला तासाभरावर बरी सेंट एडमंड्स म्हणून जुना गाव आहे, सफोक परगण्यात. त्या गावाच्या आग्नेयेला ब्रॅडफिल्ड वुड्स. रान केवढं, तर दीडशे एकरांच्या थोडं वर. आमच्याकडच्या बड्या बागायतदाराची सगळी जमीन गोळा केली तर तेवढी भरेल. गाडीतून उतरलो आणि पहिला पाय चिखलात गेला. जमीन भारी, चिकणमातीची, पाणी धरून ठेवणारी. बुटाला दोन-दोन शेर माती लागली तेव्हा जरा बरं वाटलं. इतके दिवस फरशीवरच चालत होतो.

आत शिरलो तर मला ते जंगल वाटेचना. झाडाला एक खोड असतं, इथं एकेका बुंध्यातून आठ-आठ, दहा-दहा सोट वर गेलेले. एका बाजूला सगळं जमिनीलगत छाटून टाकलेलं, फोका आणि खांबांचे ढीग रचलेले. मी पोराला म्हणालो, "अरे, हे तर तोडलंय की सगळं. राखीव रान म्हणतोस आणि कुऱ्हाड चाललीय." तिथं सेवा म्हणून काम करणारे एक म्हातारेबुवा होते, माझ्याच वयाचे, हातात कोयता. आपल्या कोयत्यासारखाच, टोकाला आत वळलेला. पोरानं माझं म्हणणं त्यांना सांगितलं. ते हसले आणि एका बुंध्यापाशी घेऊन गेले. थंडीत, रस खाली असताना, जमिनीलगत तिरपा घाव घालायचा, म्हणजे पाणी साचून बुंधा कुजत नाही. वसंतात त्यातून कोंब फुटतात. पहिल्याच उन्हाळ्यात पुरुषभर वाढतात.

पोरगा भाषांतर करायच्या आधीच मी म्हणालो, "खोडवा!"

म्हातारेबुवांना शब्द कळला नाही, पण मला सगळं रान कळलं. ऊस तोडला की बुडख्यातून फुटवा येतो, पुन्हा लावण करावी लागत नाही. त्यांनी तेच झाडांचं केलंय. हेझल म्हणून बारीक फोकाचं झाड आठ-दहा वर्षांनी तोडायचं, ॲशचं दांडा-खांबाचं लाकूड वीस-पंचवीस वर्षांनी. सगळं रान एकदम नाही, तुकडे पाडून. एक तुकडा तोडला की पुढच्या साली दुसरा. शेवटच्या तुकड्यापर्यंत येईतो पहिला पुन्हा तोडीला आलेला. मध्ये मध्ये ओकची सरळ झाडं मात्र राखून ठेवायची, ती मोठी होऊ द्यायची, घराच्या तुळयांसाठी.

फरक एवढाच, की माझा खोडवा तिसऱ्या वर्षाला मान टाकतो. तिथं ॲशचा एक बुंधा अठरा फुटांच्या वर रुंद आहे, मधून पोकळ झालेला, कड्यासारखा, आणि त्याचं वय अभ्यासकांनी हजार वर्षांच्या आसपास धरलंय. तोच ॲश न तोडता सोडला तर दोन-अडीचशे वर्षांत म्हातारा होऊन पडतो. तोडत राहिलं म्हणून जगला. ही गोष्ट मला कुणी गावात सांगितली असती तर मी थाप म्हटलं असतं.

हे रान अशा पद्धतीनं तोडलं जातंय त्याचा कागद इ. स. १२५२ चा आहे. आपल्याकडं तेव्हा देवगिरीला यादव होते, ज्ञानेश्वर माउलींचा जन्म व्हायचा होता. तेव्हापासूनचा हिशेब त्यांच्याकडं आहे, कारण रान मठाचं होतं. बरीच्या मठाकडं मोठी इनामं होती, आणि इनामदार देवाधर्माचा असला तरी हिशेबाला पक्का असतो. त्याआधी १०८६ साली विल्यम राजानं मुलखाची पाहणी करून डोम्सडे बुक लिहून घेतलं, गावोगावचे नांगर मोजले, गिरण्या मोजल्या. त्यात सफोककडच्या रानाचं माप मोठं गमतीचं. एकरात नाही, तर किती डुकरांचं रान म्हणून लिहिलंय. ओकची फळं खाऊन डुकरं पोसायची ना. आमच्या तलाठ्याला असं माप लिहायला सांगितलं तर तो राजीनामा देईल.

रानाच्या कडेनं एक बांध आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला चर आहे. आता झिजलाय, पण दिसतो. बाहेरची गुरं आत येऊन कोवळे फुटवे खाऊ नयेत म्हणून तो घातलेला, मठाच्या काळातला. आता हरणांचा त्रास, म्हणून छाटलेल्या तुकड्याभोवती फांद्यांचं कुंपण रचतात, आपण काटेरी फेसाटी लावतो तसं.

या रानाचा, आणि इंग्लंडातल्या असल्या कितीतरी रानांचा, इतिहास उकलला तो ऑलिव्हर रॅकहॅम या केंब्रिजच्या विद्वानानं. ते २०१५ साली वारले. म्हातारेबुवा त्यांच्याबद्दल बोलताना जरा थांबून बोलत. रॅकहॅमनी जुने दप्तरातले कागद वाचले आणि मग पायानं रान वाचलं. बांध कुठं वळतो, कुठलं झाड कुठं आहे, बुंधा किती रुंद. फिकट पिवळी ऑक्सलिपची फुलं तेव्हा रानात फुललेली होती. ती फुलं इंग्लंडच्या या एका कोपऱ्यातच सापडतात आणि जुन्या रानातच बहुतेक असतात, नव्या लागवडीत सहसा येत नाहीत. म्हणजे फुलसुद्धा सातबारा सांगतं. तोडलेल्या तुकड्यात ऊन पोचलं की मातीत वर्षानुवर्षं पडून राहिलेलं बी उगवतं. आठ-दहा वर्षांत वर पुन्हा सावली झाली की ते बी झोपतं.

लाकडाचं काय करत, हे विचारल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. दाताळ्याचे आणि मोठ्या विळ्याचे दांडे ॲशचे. जवळच लिटल व्हेल्नेटम गावात दाताळी करायचा कारखाना होता, त्याला लाकूड इथलंच. छपराचं गवत बसवायच्या कांब्या हेझलच्या. मेंढरं कोंडायच्या ताट्या हेझलच्या. वालाचे वेल चढवायच्या काठ्या अजूनही इथून लोक नेतात. दुपारी लॅव्हनम नावाच्या गावी गेलो, तिथं पाचशे वर्षांची घरं उभी आहेत. ओकच्या लाकडाचा सांगाडा, मध्ये फोकांचं विणकाम आणि वरून माती-शेण-गवताचं लिंपण. आमच्या घरातल्यांनी भिंतीला हात लावला आणि म्हणाल्या, "आवं, कूडच की हा! माझ्या माहेरी असाच हुता." आम्ही कुडाच्या घराची लाज धरली आणि सिमेंटचं बांधलं. तिथं तिकीट काढून कूड बघितला.

आता याचा अर्थ तिकडं सगळं गोडीगुलाबीनं चालत होतं असा कुणी घेऊ नये. रान गावाचं नव्हतं, मठाचं होतं. १३२७ साली बरीच्या लोकांनी मठावर चालून जाऊन तो लुटला. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात तर मठाच्या कारभाऱ्याचं मुंडकं उडवलं. पुढं १५३९ ला आठव्या हेन्री राजानं मठच मोडला. मालक बदलले, पण थंडी आली की तोड व्हायचीच.

मनात आलं ते लिहितो. ज्यांनी आपल्या गावाशेजारचं रान आठशे वर्षं तोडून जगवलं, त्यांच्याच राज्यात आपल्याकडं काय झालं? मुंबई इलाख्यात १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन साहेब पहिला जंगलांचा अधिकारी झाला. १८७८ चा कायदा आला आणि गावकऱ्याची कुऱ्हाड गुन्हा ठरली. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यानं गुरांचे चरायचे डोंगर-माळ कसे घेतले ते तळमळून मांडलंय. सागाला साहेबानं जपलं, पण जू-नांगरासाठी बाभळ तोडणाऱ्या कुणब्याला चोर केलं. म्हातारेबुवांना हे मी सांगितलं नाही. पोराला एवढं भाषांतर जमलं नसतं, आणि त्यांचा त्यात काही दोष नव्हता.

पण खरी गोष्ट पुढं आहे. रानाच्या कडेला आलो आणि बांधापलीकडं गव्हाचं शेत लागलं, हिरवंगार, वीतभर वाढलेलं. म्हातारेबुवांनी कोयत्यानं तिकडं दाखवलं आणि आवाज बदलला. हे शेतही रानच होतं. मंक्स पार्क वुड, मठाचंच. १९६० नंतरच्या काळात त्याचा बराचसा भाग यंत्र लावून मुळासकट उपटला, शेतीसाठी. महायुद्धात तिकडं खायची टंचाई झाली होती, रेशन १९५४ पर्यंत चाललं. त्यानंतर जमीन वाढवा, धान्य वाढवा हेच सरकारी धोरण, त्याला अनुदानं. असली कितीतरी जुनी रानं त्या दोन-तीन दशकांत गेली. इथं गावकरी आणि निसर्गप्रेमी मंडळींनी धावपळ केली, १९७० साली उरलेलं विकत घेतलं, म्हणून हे वाचलं. आता सफोक वाइल्डलाइफ ट्रस्ट सांभाळतो.

"कसला माणूस असेल तो," असं काहीसं म्हातारेबुवा त्या शेतकऱ्याबद्दल बोलले. पोरानं भाषांतर केलं आणि माझ्याकडं बघितलं. त्याला माहीत होतं.

आमच्या ओढ्याकाठी सव्वा एकर बाभळीचं रान होतं. आजोबांपासूनचं. कुळवाचं दिंड, नांगराचं हाळीस, जू, शिवळा, सगळं त्यातलं. सुतार येऊन झाड ठरवायचा आणि वडील त्याला बुडातून नाही, वरनं तोडायला लावायचे. १९८७ ला पाणीपुरवठा योजनेचं पाणी आलं. मी तिशीच्या आत होतो, बैल विकून ट्रॅक्टर भाड्यानं घ्यायचे दिवस. लोखंडी कुळव आले होते, बाभळीचं काय काम? बुलडोझर आणला, दोन दिवसांत मुळं वर काढली. वडील बांधावर बसून होते. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बुडखं तरी ठिवायचं हुतंस." मी म्हणालो, "उसाच्या सऱ्या कशा सोडू मग?" त्यावर ते काही बोलले नाहीत.

पहिल्या वर्षी एकरी साठ टन निघाला. मुलाची शिकवणी त्याच उसावर झाली. म्हणून त्या इंग्रज शेतकऱ्याला मी शिव्या देऊ शकत नाही. त्याच्याही घरात कुणी शिकत असेल.

पंधरा-सोळा वर्षांनी ते रान चिबडलं, मग मीठ वर आलं. क्षारपड. आता तिथं ऊस तर नाहीच, गवतसुद्धा धड येत नाही.

परतताना म्हातारेबुवांनी ॲशचे शेंडे दाखवले. कळ्या फुटायच्या जागी सुक्या काड्या. एक बुरशी आलीय, आशियातून, तिकडं २०१२ ला सापडली. लहान-मोठे ॲश मरतायत. हजार वर्षं कुऱ्हाडीला पुरून उरलेला बुंधा त्यात टिकेल का, मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले आणि कोयत्याची धार अंगठ्यावर बघितली. थंडीत तोड चालू ठेवायची, एवढंच म्हणाले.

घरी आलो ते मे महिन्यात. ओढ्याकडं गेलो. क्षारपडीच्या कडेला वेड्या बाभळी आल्यात, कुणी न लावता. गडी म्हणाला, "जेसीबी सांगू का?" मी नको म्हणालो. थंडी पडल्यावर त्यातल्या तीन मी हातानं तोडल्या, जमिनीलगत, तिरप्या घावानं. गडी बघत उभा होता. दोन फुटल्यात. तिसरीचं बघायचंय.