कपड्याआडचं हत्यार

गुप्ती हा शब्द आता बहुतेक वेळा पोलिसांच्या पंचनाम्यातच भेटतो. वरून साधी काठी; मूठ ओढली की आतून हातभर लांबीचं टोकदार पातं. माझ्या आजोबांकडे अशी एक होती. औसा तालुक्यातलं आमचं गाव. लातूरच्या आडतीवर गूळ आणि शेंगा घालून परतताना कनवटीला पैसे असायचे, वाटेत ओढे आणि अंधार. कमरेला तलवार बांधली तर लोक विचारणार, कुणावर निघालात? काठीला कोण विचारतो! रोज अंगासोबत बाळगायचं हत्यार निवडताना आजोबांनी एवढाच विचार केला होता.

मित्रहो, हत्यार दाखवायचं की झाकायचं, ही निवड आमच्या मुलखात फार जुनी आहे. नांदेडच्या रस्त्यावर आजही कृपाण दिसते. शिखांसाठी ती श्रद्धेचा भाग आहे आणि संविधानाच्या २५व्या कलमाच्या स्पष्टीकरणात तिचा उल्लेख आहे. होळीला आणि दसऱ्याला हल्लाबोलची मिरवणूक निघते तेव्हा उपसलेल्या तलवारी सारं शहर पाहतं. निजामाच्या मुलखात चाकरीला असलेल्या अरबांच्या पोटावरचा जंबियाही असाच, लांबून दिसावा म्हणून बांधलेला. समोरच्यानं तो बघावा आणि पाय मागे घ्यावा, एवढंच त्याचं काम. झाकलेल्या हत्याराचं काम उलटं. समोरच्यानं जवळ यावं, किंवा आपल्याला जवळ येऊ द्यावं, यासाठी ते झाकायचं.

झाकलेलं हत्यार म्हटलं की मराठी माणसाला प्रतापगड आठवतो. १० नोव्हेंबर १६५९. वाघनखं, बिचवा, अंगरख्याखालचं चिलखत. ती कथा सर्वांना पाठ आहे, म्हणून मी तिथे थांबत नाही. २०२४ साली लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हा ती नेमकी तीच का, यावर वाद झाला. मला त्या वादापेक्षा त्यांच्या आकाराचं नवल वाटलं. मुठीत मावणारी वस्तू!

माझं मन अडतं ते नांदेडला, १७०८ मध्ये. गुरू गोविंदसिंग बादशहा बहादूरशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत आले आणि गोदाकाठी राहिले. त्यांच्याकडे येणाऱ्याजाणाऱ्यांना मज्जाव नव्हता. शीख परंपरा सांगते की एक पठाण असाच येत-जात राहिला, ओळखीचा झाला, आणि एका संध्याकाळी प्रार्थनेनंतर गुरुजी विसावले असताना त्यानं कपड्यातला खंजीर काढला. गुरुजींनी त्याला तिथंच ठार केलं. जखम शिवली गेली, भरत आली, पण पुढे एक जड धनुष्य ओढताना पुन्हा उघडली. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी त्यांचं निर्वाण झालं. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतलेल्या सचखंड हुजूर साहिबमध्ये गुरूंची शस्त्रं जपलेली आहेत आणि भाविकांना त्यांचं दर्शन घडतं. मीही ते घेतलेलं आहे. त्या उघड्या शस्त्रांसमोर उभं असताना माझ्या डोक्यात मात्र तो खंजीर होता, जो तिथं नाही.

यानंतर २४० वर्षांनी दिल्लीत असाच एक माणूस प्रार्थनेला निघालेल्या म्हाताऱ्याजवळ गेला. आधी त्यानं हात जोडले. ३० जानेवारी १९४८. या कटातलं हत्यार निवडण्याचं प्रकरण खटल्यात तपशिलानं आलं आहे. पुण्याहून जमवलेला दारूगोळा घेऊन २० जानेवारीला केलेला प्रयत्न फसला. मग भरवशाचं पिस्तूल हवं म्हणून नथुराम गोडसे आणि नारायण आपटे ग्वाल्हेरला गेले आणि तिथून इटालियन बनावटीचं बेरेटा मिळालं. लहानसं, कपड्याआड सहज मावणारं. नांदेडचा तो पठाण मुसलमान होता, पुण्याचा हा गोडसे हिंदू. दोघांनाही जवळ येऊ देणाऱ्याचा विश्वास वापरायचा होता, आणि त्यासाठी हत्यार लहान लागत होतं.

त्या वर्षी नांदेड आणि लातूर (लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं) निजामाच्या राज्यात होती. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचाच वकील. त्याच्या माणसांनी भाले, तलवारी, बंदुका उघड मिरवल्या, गावं लुटली, माणसं मारली. हे माझ्या समाजातल्या काही वडीलधाऱ्यांना ऐकायला आवडत नाही, पण झालं ते असं झालं. ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी हैदराबादेत याविरुद्ध लिहिलं, तर ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचाही खून झाला.

१३ सप्टेंबरला भारतीय फौज आली आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. पुढच्या दिवसांत जे घडलं ते पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीनं लिहून ठेवलं आहे. नेहरूंच्या सरकारनं पाठवलेल्या या समितीचा अहवाल सरकारनं अनेक दशकं प्रसिद्ध केला नाही. पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मेली, असा त्यांचा अंदाज. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत सर्वात जास्त. लातुरात दहा हजारांच्या आसपास मुसलमान होते, समिती पोचली तेव्हा जेमतेम तीन हजार उरले होते. बाकी मारले गेले किंवा पळाले. अनेक ठिकाणी लष्करानं लोकांना वाचवलं, हेही अहवालात आहे. आणि आणखी एक गोष्ट आहे: मुसलमानांकडची हत्यारं काढून घेतली गेली, हिंदूंकडची बरेचदा तशीच राहिली.

आमच्या गावात दवंडी फिरली तेव्हा आजोबांनी गुप्ती जमा केली. काठी म्हणून ती सहज लपली असती, पण त्यांनी दिली. नंतरचे पाच दिवस ते शेजारच्या देशमुखांच्या वाड्यात, बळदात बसून होते. गुप्ती हाताशी असती तर काय झालं असतं, यावर आमच्या घरात दोन मतं. चुलते म्हणायचे, निदान एकाला तरी घेऊन गेले असते. आजी म्हणायची, पातं दिसलं असतं तर त्यांना रझाकारच ठरवलं असतं, आणि मग देशमुखांनीही दार उघडलं नसतं. मला आजीचं पटतं.

आता वर्तमानाकडे येतो. नांदेडात ५ एप्रिल २०२२ रोजी एका बांधकाम व्यावसायिकाला भरदिवसा घरासमोर गोळ्या घातल्या गेल्या. त्याच शहरात माझा भाचा लहानसहान ठेकेदारी करतो. त्यालाही पैशांसाठी दोन फोन आले. त्यानं मला विचारलं, “मामू, रिवाल्वर लेना क्या पिस्तूल?” कवीला विचारायचा हा प्रश्न नव्हे, तरी मी माहिती काढली.

सामान्य नागरिकाला ९ मिलिमीटर किंवा .३८ बोअर मिळत नाही, बहुतेकांची निवड.३२ बोअरमध्येच होते. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी बंदुकांची खाजगी आयात बंद झाली, त्यामुळे जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरला लाखांत भाव येतो. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं ‘निर्भीक’ नावाचं ५०० ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर काढलं, बायकांनी पर्समध्ये ठेवावं म्हणून. किंमत सव्वा लाखाच्या घरात! ज्या बाईला रात्री बसस्टँडवरून एकटीनं घरी जावं लागतं, तिच्या पर्समध्ये सव्वा लाख असते तर ती रिक्षानं गेली असती. जाणकार सांगतात की रिव्हॉल्व्हरमधली एखादी गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढता येतो. पिस्तूल चपटं, शर्टाखाली बेमालूम बसतं, पण अडकलं की सरावाचा हात लागतो.

आणि कायदा काय म्हणतो? २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी छोटी बंदूक होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकूनच बाळगायची. म्हणजे मिरवायची नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात हजाराच्या वर परवाने असल्याचं डिसेंबर २०२४ मधल्या सरपंचाच्या खुनानंतर सगळ्यांना कळलं, आणि कमरेचं पिस्तूल दाखवणारे व्हिडिओही बाहेर आले. नंतर तिथले अनेक परवाने रद्द झाले.

भाच्याला मी हे सारं सांगितलं. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, पोलिसांचा अहवाल, जिल्हाधिकाऱ्यांकडचा अर्ज, बंदूक कुलपात ठेवण्याची अट. तो मान हलवत होता. बहीण चहा घेऊन आली, तिनं फक्त शेवटचं ऐकलं आणि म्हणाली, “घर में दो छोटे बच्चे हैं. चाबी किसके पास रखनेकी, वो बोलो पहले.”