कुंडीतल्या रोपाचं गाव

‘परसबाग’ हा शब्द जरा सावकाश उच्चारून पाहा. ‘परस’ म्हणजे घरामागची मोकळी जागा. हा आपला मराठमोळा शब्द. ‘बाग’ फारसीतून आला. दोन मुलुखांचे दोन शब्द एका अंगणात राहायला आले आणि असे एकजीव झाले, की आज त्यांच्यातला सांधा कुणाला दिसत नाही. शब्दांचं झालं तेच झाडांचंही झालं. बागांचा इतिहास म्हटला की आपल्याला बादशहा आठवतात. बाबरानं हिंदुस्थानातली केळ नेऊन अफगाणिस्तानातल्या आपल्या बागेत लावली, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. मला मात्र आज बोलायचंय ते तुमच्या-आमच्या चार कुंड्यांबद्दल. त्यांनाही इतिहास आहे आणि तो बादशहांच्या बागांपेक्षा लहान नाही.

या इतिहासाचा एक मोठा जाणकार आपल्या शेजारी, गोव्यात होऊन गेला. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आला आणि इथलाच झाला. इथल्या वनस्पती आणि औषधींविषयी त्यानं संवादाच्या रूपात एक ग्रंथ लिहिला. तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. मुंबईचं बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं आणि तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळं येतात, असं तो कौतुकानं सांगतो. प्राजक्ताला तो ‘दुःखी झाड’ म्हणतो. सूर्यावर भाळलेल्या मुलीच्या राखेतून हे झाड उगवलं, ही इथली कथाही त्यानं ऐकून नोंदवली. प्रत्येक झाडाला जणू तो विचारतो, बाबा रे, तुझं गाव कोणतं, तुला काय मानवतं, तुझा उपयोग काय?

त्याचं स्वतःचं घराणं ज्यू. स्पेनमधून परागंदा झालेलं, पोर्तुगालमध्ये बळानं ख्रिस्ती केलेलं. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यातल्या ‘इन्क्विझिशन’ नावाच्या धर्मन्यायालयानं जाळलं. आणि १५८० मध्ये ऑर्ताची हाडं थडग्यातून उकरून तीही जाळण्यात आली. गाव विचारण्याचे हे दोन प्रकार. ऑर्तानं झाडांना गाव विचारलं ते त्यांना समजून घ्यायला. न्यायालयानं त्याला मूळ विचारलं ते त्याला मुळासकट उपटायला. आज पणजीत त्याच्या नावाची बाग आहे, एवढंच त्यातलं समाधान.

याच सागरी वाटांनी आपल्या अंगणात पाहुणे येत राहिले. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिकडे आजही पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाला झेंडूच्या पाकळ्यांनी वाट सजवतात. आपल्याकडे झेंडूच्या तोरणाशिवाय दसरा झाल्यासारखा वाटतो का? निशिगंधही मेक्सिकोचा. गुलबक्षी दक्षिण अमेरिकेची. उर्दूत ती गुल-ए-अब्बास. मराठीत येता येता गुलबास आणि गुलबक्षी झाली, आणि मग तिच्या नावाचा एक रंगच आपल्या साड्यांवर चढला. सदाफुली मादागास्कर बेटावरची. कुणी फारसं लक्ष न देताही फुलत राहणाऱ्या या रोपातूनच १९५० च्या दशकात कर्करोगावरची औषधं सापडली आणि रक्ताच्या कर्करोगानं आजारी असलेली कितीतरी मुलं पुढं त्या औषधांच्या आधारानं वाचली. (म्हणून घरी तिचा पाला चघळू नये. औषध शुद्ध करून, मोजूनच द्यावं लागतं.)

आमच्या अम्मीची बाग म्हणजे गोडेतेलाचे रिकामे पत्र्याचे डबे. खाली खिळ्यानं भोकं पाडायची, भोकावर कौलाची खापरी ठेवायची, वर माती आणि शेणखत. एका डब्यात हमखास सब्जा असायचा. शेजारच्या काकूंच्या वृंदावनात तुळस. काकू म्हणायच्या, “भाभी, गुलबक्षीचं बी धरा हं माझ्यासाठी,” आणि अम्मी पुडीत बी बांधून ठेवायची. सब्जा दर्ग्यावर फुलांबरोबर वाहतात, तुळस देवाला वाहतात. वनस्पतिशास्त्राला विचाराल, तर दोघी एकाच प्रजातिगटातल्या, सख्ख्या बहिणीच म्हणा ना. दोघींना ऊन हवं, दोघींच्या मुळांशी पाणी साचलेलं चालत नाही आणि दोघींच्या मंजिऱ्या वेळेवर खुडल्या तर रोप झुबकेदार होतं. ही निगा अम्मीला आणि काकूंना एकमेकींकडून ठाऊक झाली होती, पुस्तकातून नव्हे.

आता अंगणातून घरात येऊ. घरात, काचेआड झाड वाढवण्याच्या इतिहासाला एका डॉक्टरामुळे वेगळं वळण लागलं. नॅथॅनिएल वॉर्ड हे लंडनच्या पूर्व भागातले डॉक्टर. कोळशाच्या धुरानं त्यांच्या अंगणात नेची जगत नसत. १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा एक कोष ओलसर मातीसह बंद बाटलीत ठेवला. काही दिवसांनी पाहतात तो त्या मातीत नेचा आणि गवत उगवलेलं! दिवसा मातीतल्या ओलीची वाफ काचेवर धरायची, थेंब होऊन पुन्हा मातीत उतरायची. धूर बाहेर, ओल आत. १८३३ मध्ये त्यांनी अशाच काचेच्या दोन पेट्या भरून जहाजानं सिडनीला पाठवल्या. महिनोन् महिन्यांच्या प्रवासानंतरही रोपं जिवंत पोहोचली. त्याआधी खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई यांनी बहुतेक रोपं वाटेतच मरत. पुढं याच पेट्यांतून चीनचा चहा हिमालयात आला आणि दक्षिण अमेरिकेचा सिंकोना निलगिरीत. साम्राज्याचा व्यापार त्या पेट्यांत बसून फिरला, हे खरंच. पण गरिबाच्या खोलीतही चार हिरवी पानं असावीत, हा विचारही वॉर्ड यांनी आपल्या पुस्तकात आवर्जून मांडला आहे.

आज गरिबाच्या आणि श्रीमंताच्या, दोघांच्याही घरात सापडणारं रोप म्हणजे मनीप्लान्ट. त्याचं गाव प्रशांत महासागरातलं मूरिआ हे छोटंसं बेट. गंमत अशी, की हे झाड जवळजवळ कधीच फुलत नाही. फुलण्यासाठी लागणारं एक संप्रेरक त्याला नीट तयारच करता येत नाही, हे शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं. फूल नाही म्हणजे बी नाही. मग ते जगभर पसरलं कसं? फांदी तोडून, हातोहात! चोरून आणलेला मनीप्लान्ट जास्त वाढतो, असं लोक म्हणतात. चोरून असो की मागून, तुमच्या बाटलीतली वेल कुणाच्या तरी हातानंच तुमच्यापर्यंत आली आहे.

आणि इथं इतिहास उपयोगी पडतो, मंडळी. रोपाचं गाव कळलं की त्याची निगा कळते. मनीप्लान्ट रानातल्या मोठ्या झाडांच्या सावलीत खोडावर चढणारी वेल. म्हणून त्याला दुपारचं कडक ऊन नको, उजेड हवा आणि चढायला काठी हवी. झेंडू उघड्या माळाचा; त्याला खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं तर तो नुसता उंच होऊन वाकतो. सदाफुली कोरडं सोसते, साचलेलं पाणी सोसत नाही. आपण मात्र सगळ्यांना एकाच माळेत ओवतो आणि रोज सकाळी सगळ्या कुंड्यांना सारखं तांब्याभर पाणी घालतो. घरातली रोपं बरीचशी अशा मायेच्या पाण्यानंच मरतात. बोट पेरभर मातीत घालून पाहावं. ओल लागली तर त्या दिवशी पाणी राहू द्यावं.

आपल्यात राहायला आलेल्याला ‘तू कुठला’ असं विचारण्यात गैर काही नाही. विचारल्यानंतर आपण काय करतो, त्यावर सारं आहे. झेंडूला आपण दसऱ्याला दारावर मानानं बसवलं. त्याच्या जन्मगावानं त्याचा मान कमी झाला नाही आणि आपलं दारही बाटलं नाही.

यंदाच्या पावसाळ्यात कुणी मनीप्लान्टची फांदी मागायला आलं, तर एखादं पेर ठेवून तोडा. मूळ त्या पेरातूनच फुटतं. आणि देताना तिचं गावही सांगा.