दर्या शिकायला दर्यापार

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. म्हणाली, "मामा, सुट्टीत सागरी जीवशास्त्राचा तीन आठवड्यांचा कोर्स आहे, परदेशात. पाण्याखाली जाऊन प्रवाळांची मोजणी कशी करायची ते शिकवतात. जाऊ का?" खर्च बराच होता. पण घरात वाद पेटला तो खर्चावरून नव्हे. आमची आई, म्हणजे तिची आजी, म्हणाली, "अगो, दर्या आपल्या दाराशी. तो शिकायला दर्यापार कशाला?"

प्रश्न साधा वाटला तरी मला चटकन उत्तर देता येईना. ते सापडले एका भलत्याच जागी. त्याच सुमारास मी कलबुर्गी आणि बिदरला जाऊन आलो. मराठी, कानडी आणि दखनी एकमेकींत मिसळतात असा हा सीमाभाग. इथल्या पठारावर समुद्राचा वाराही येत नाही.

कलबुर्गी म्हणजे आपले जुने गुलबर्गा. नाव २०१४ साली बदलले. बहामनी राज्याची ही पहिली मोठी राजधानी. तिथे १३९७ ते १४२२ या काळात फिरोजशहा बहामनीने राज्य केले. त्याला विद्येचे वेड होते. आठवड्यातले ठरावीक दिवस तो भूमिती, वनस्पतिशास्त्र आणि तर्कशास्त्राच्या पाठांसाठी राखून ठेवी, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. तोच पुढे लिहितो की सुलतान दरवर्षी गोवा आणि चौल या बंदरांतून जहाजे पाठवी. ती परदेशी माल आणत, पण मुख्य हुकूम असे तो देशोदेशीचे विद्वान आणण्याचा.

गोवेकर म्हणून ही ओळ वाचताना छाती फुगते. पण जरा थांबावे. फिरिश्ताने हे लिहिले सुमारे दोनशे वर्षांनंतर. शिवाय चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातच गोवा विजयनगरकडे गेला होता. ज्याने दिवाडीच्या सप्तकोटेश्वराची पुन्हा स्थापना केली, तो माधव मंत्री विजयनगरचाच. तेव्हा फिरोजशहाची जहाजे खरोखर गोव्यातून सुटत होती की चौल-दाभोळातून, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. एवढे मात्र खरे, की पठारावरच्या राजालाही विद्या हवी तर बंदराकडेच पाहावे लागे.

याच फिरोजशहाने १४०७ साली दौलताबादजवळच्या घाटमाथ्यावर वेधशाळा उभारायला घेतली. काम हकीम हसन गिलानी या विद्वानाकडे होते. तो वारला आणि वेधशाळा अर्धवटच राहिली. बाहेरून आणलेले ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात राहिले, त्याच्याकडून ते घेणारे कोणी तयार झाले नाही, तर असेच होते.

पुढे राजधानी बिदरला हलली. तिथे १४५३ च्या सुमारास महमूद गवान आला. हाही गिलानचाच, म्हणजे कास्पियन समुद्राच्या काठचा. दाभोळ बंदरात उतरलेला हा व्यापारी पुढे राज्याचा वजीर झाला. फेब्रुवारी १४७२ मध्ये त्याने विजयनगरकडून गोवा घेतला, आणि त्याच सुमारास बिदरला त्याचा मदरसा उभा राहिला. एकीकडे समुद्राचे दार, दुसरीकडे विद्येचे. हा मला योगायोग वाटत नाही. घोडे, रेशीम, ग्रंथ आणि पंडित, सगळे एकाच वाटेने येत होते.

मदरसा तीन मजली. विद्यार्थ्यांना राहण्याच्या खोल्या, शिक्षकांची बिऱ्हाडे, मशीद आणि सुमारे तीन हजार हस्तलिखितांचे ग्रंथालय. हेरातच्या जामी या कवीलाही गवानने बोलावणे धाडले होते. तो आला नाही. दर्शनी भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांची नक्षी अजून टिकून आहे. पुढच्या दोन मिनारांपैकी मात्र एकच उभा आहे.

५ एप्रिल १४८१ रोजी बनावट पत्राच्या आधारे गवानचा शिरच्छेद झाला. पण मदरसा त्याच्याबरोबर संपला नाही. घर होते, ग्रंथ होते, शिकलेली माणसे होती. पुढे औरंगजेबाच्या काळात तिथे दारूगोळा ठेवला गेला आणि सतराव्या शतकाच्या शेवटी झालेल्या स्फोटात अर्धा दर्शनी भाग उडाला. शाळेचे कोठार केले की काय होते, ते तिथल्या मोकळ्या जागेत उभे राहिले की कळते.

आता आपल्या गोव्याकडे या. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांची संशोधन जहाजे हा महासागर तपासून परत गेली. पण भारताने त्यातून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सुरू केली. तिचे मुख्यालय आज दोना पावलाला आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी अंटार्क्टिकाकडे निघालेली पहिली भारतीय मोहीम गोव्यातूनच सुटली, आणि तिचे नेते डॉ. कासिम हे या संस्थेचे माजी संचालक. पाहुणी जहाजे गेली, शिकवण राहिली. घाटमाथ्यावरच्या वेधशाळेला जे साधले नाही, ते इथे साधले.

भाचीला फोन करून म्हटले, "जा. पण एक अट. तिथे चौकट टाकून मोजायला शिकवतील. परत आल्यावर तशीच चौकट आपल्या किनाऱ्यावरच्या खडकावर दर महिन्याला एकाच जागी टाकायची. आत काय काय सापडते ते वहीत लिहायचे. आणि शेजारच्या दोन पोरांना ते शिकवायचे."

"किती दिवस, मामा?"

"तुझी पदवी होईपर्यंत तरी."

आई शेजारीच बसून ऐकत होती. म्हणाली, "मग जाऊ दे तिला. पण ओहोटीच्या वेळा मला विचार म्हणावे. त्या काय तिथे कोणी शिकवणार नाही."