येशूची वंशावळ (मत्तयकृत)

बायबलच्या नव्या करारातील मत्तयकृत शुभवर्तमानाच्या आरंभी (१:१–१७) दिलेली अब्राहामापासून येशूपर्यंतची पिढ्यांची नामावळी. अब्राहामाच्या संततीद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळांना आशीर्वाद मिळेल (उत्पत्ती १२ व २२) आणि दावीदाचे घराणे व राजासन कायम राहील (२ शमुवेल ७), ही देवाची दोन अभिवचने येशूत पूर्ण झाली, हे दाखवण्यासाठी ती रचलेली आहे. म्हणून पहिल्याच वाक्यात येशूला दावीदाचा आणि अब्राहामाचा पुत्र म्हटले आहे.

रचना : अब्राहाम ते दावीद, दावीद ते बाबेलचा बंदिवास आणि बंदिवास ते ख्रिस्त असे तीन गट, प्रत्येकात चौदा पिढ्या असल्याचे मत्तय सांगतो. हिब्रू अक्षरमूल्यांनुसार दावीद या नावाची बेरीज चौदा होते. आकड्यामागचे कारण तेच असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. दुसऱ्या गटात योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश व अमस्या हे तीन राजे वगळले आहेत. शेवटच्या गटात मात्र तेराच नावे भरतात. याचा उलगडा निरनिराळ्या प्रकारे केला जातो. जरुब्बाबेलानंतरची अबीहूद ते याकोब ही नऊ नावे या क्रमाने जुन्या करारात कोठेही येत नाहीत.

स्त्रिया : तामार, राहाब, रूथ, उरीयाची पत्नी (बथशेबा, तिचे नाव दिलेले नाही) आणि येशूची आई मरीया. राहाब यरीहोची कनानी, रूथ मवाबी. परक्या कुळांतील या स्त्रियांना दावीदाच्या पूर्वजांत जागा मिळाल्याने अब्राहामाच्या अभिवचनातील ‘सर्व कुळे’ वंशावळीतच दिसू लागतात.

यखन्या : या नामावळीचा खरा कस यखन्या (यहोयाखीन) या नावापाशी लागतो. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले आणि अवघे तीन महिने राज्य केलेल्या यहूदाच्या या तरुण राजाला आई, राण्या व सरदारांसह बाबेलला नेले. यिर्मया संदेष्ट्याने त्याच्याविषयी कठोर भविष्य सांगितले होते : देवाच्या हातातील मुद्रेची अंगठी असता, तरी तो उपटून फेकला जाईल, त्याची नोंद निःसंतान म्हणून करावी, त्याच्या वंशातील कोणीही दावीदाच्या राजासनावर बसणार नाही (यिर्मया २२). दावीदाला दिलेले अभिवचन येथेच संपले, असे त्या काळच्या कोणालाही वाटले असते.

बंदिवासातला हा राजा पुरातत्त्वातही भेटतो. पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट कोल्डेवाय याच्या उत्खननात (१८९९–१९१७) बाबेलच्या दक्षिण राजवाड्यातील तळघरवजा खोल्यांत कीलाक्षरी मातीच्या पाट्या मिळाल्या. त्यांतील काही अर्न्स्ट वाइडनर याने १९३९ मध्ये प्रसिद्ध केल्या. राजाच्या कोठारातून कोणाला किती तेल द्यायचे, याच्या त्या नोंदी आहेत. त्यांत यहूदाचा राजा यखन्या याचे नाव येते आणि त्याच्या पाच पुत्रांसाठी अडीच सिला, म्हणजे प्रत्येकी अर्धा सिला (सिला म्हणजे सुमारे एक लिटर) तेल लिहिलेले आहे. एका पाटीवरील वर्ष इ. स. पू. ५९२ चे ठरते. ज्याला निःसंतान लिहावे असे संदेष्टा म्हणाला, त्याचे पाच पुत्र शत्रूच्याच कोठारवहीत नोंदले जात होते. बंदिवासाच्या सदतिसाव्या वर्षी बाबेलचा राजा अवील-मरोदख याने यखन्याला तुरुंगातून सोडवून आपल्या पंक्तीला बसवले, असे २ राजे २५ मध्ये म्हटले आहे. १ इतिहास ३ मध्ये त्याच्या सात पुत्रांची नावे आहेत.

इ. स. पू. ५२० मध्ये हाग्गय संदेष्ट्याने यखन्याचाच वंशज जरुब्बाबेल याला देव मुद्रेच्या अंगठीसारखा करील, असे सांगितले (हाग्गय २). यिर्मयाने काढून टाकलेली अंगठी येथे परत घातली जाते, हा अर्थ बहुतेक भाष्यकारांना मान्य आहे. बंदिवासामुळे पापाचे प्रायश्चित्त होते, हे सांगताना यहुदी धर्मग्रंथ ताल्मूद (सान्हेद्रिन) यखन्याचाच दाखला देतो. याउलट दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती धर्माचार्य इरेनेयसाने यिर्मयाचा शाप कायम मानला आणि त्याच आधारे येशू यखन्याच्या वंशातील योसेफाचा शारीरिक पुत्र असू शकत नाही, असा युक्तिवाद केला. मत्तय स्वतः यावर काही बोलत नाही. शापित राजाचे नाव तो गाळत नाही, उलट बंदिवासाच्या सांध्यावर ठेवतो. प्रस्तुत लेखकाच्या मते अभिवचनपूर्तीविषयीचे त्याचे सर्वांत ठाम विधान हेच आहे. जरुब्बाबेलाचा पिता शल्तीएल की पदाया, याबाबत जुन्या करारातील ग्रंथांत एकवाक्यता नाही.

योसेफ : अमक्याने अमक्याला जन्म दिला, हा क्रम १:१६ मध्ये तुटतो, योसेफाला केवळ मरीयेचा पती म्हटले आहे. त्याने मुलाचे नाव ठेवल्याने (१:२५) कायद्याने दावीदवंश लागू झाला, असे सामान्यतः मानतात.

लूकची वंशावळ : लूक (३:२३–३८) येशूपासून आदामापर्यंत उलट जातो आणि दावीदापासून शलमोनाऐवजी नाथानाची शाखा घेतो. तिसऱ्या शतकातील युलियस आफ्रिकानस याने दीराशी विवाहाच्या प्रथेने दोन्हींचा मेळ घातला. त्याचे विवेचन युसेबियसच्या चर्च-इतिहासात टिकून आहे.

यहुदी दृष्टिकोन : यहुदी परंपरेनुसारही मसीहा (देवाने अभिषिक्त केलेला राजा) दावीदाच्या वंशातच यायचा आहे.

उपासना : रोमन कॅथलिक परंपरेत, अर्थात वसई व गोव्यातील चर्चमध्येही, १७ डिसेंबरच्या मिस्सेत ही वंशावळ वाचली जाते.