खोकला, लहान कुत्र्यांचा

खोकला, लहान कुत्र्यांचा : पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा, पग, माल्टीज, टॉय पूडल अशा ठेंगण्या जातींत एकाएकी उद्भवणारे लक्षण. हा स्वतः आजार नव्हे. महाराष्ट्रात ‘पॉम’ म्हणून पाळला जाणारा पांढरा कुत्रा पुष्कळदा इंडियन स्पिट्झ असतो. पुढील मजकूर त्यालाही लागू पडतो.

दाराची घंटा वाजते, कुत्रा भुंकत धावतो आणि मध्येच थबकतो. मान पुढे ताणून, पुढचे पाय फाकवून कोरडा ढासू लागतो. उबळ संपताना ओकारी येते, फरशीवर चमचाभर पांढरा फेस पडतो. घरचे म्हणतात, ‘घशात काहीतरी अडकलंय.’ बहुतेक वेळा काहीच अडकलेले नसते. जोराच्या खोकल्याशेवटी ओकारी येणे ही कुत्र्यांची रीतच आहे. खरोखर अडकले असेल तर कुत्रा खाता-खेळताना अचानक तडफडतो, पंजाने तोंड ओरबाडतो, लाळ गळते, आवाज फुटत नाही, हिरड्या निळसर पडतात. तेव्हा तोंड उघडून पाहावे. वस्तू दिसली तरच ती काढावी. आंधळेपणाने बोट घातल्यास ती आणखी खाली सरकते. लहान कुत्र्याला मागचे पाय धरून उचलून डोके खाली धरता येते. वस्तू निघाली तरी दवाखाना गाठावाच.

ठेंगण्या जातींत पहिला संशय श्वासनलिका दबण्याचा. ही नळी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या कूर्चांच्या कड्यांनी उघडी राहते. कड्यांची वरची, म्हणजे पाठीकडची, फट पातळ पडदा व स्नायू यांनी झाकलेली असते. कूर्चा मऊ पडल्या की कडी चपटी होते आणि पडदा आत लोंबतो. मानेतला भाग श्वास घेताना दबतो, छातीतला सोडताना. विकाराच्या चार श्रेणी मानतात : पहिलीत नळीची पोकळी सुमारे २५ टक्के घटते, चौथीत जवळजवळ मिटते. खोकला बदकाच्या भसाड्या ओरडण्यासारखा येतो. उत्साह, उकाडा, लठ्ठपणा, गळपट्ट्याची ओढ, धूर ही निमित्ते. मराठी घरात त्यांत मिरचीच्या फोडणीचा ठसका, उदबत्ती आणि डासांची कॉइल धरावी. गळपट्टा काढून छातीभोवतीचा हार्नेस घालणे आणि वजन उतरवणे हे उपाय फुकट जात नाहीत. ‘गुबगुबीत छान दिसतो’ हे कौतुक या कुत्र्याला फार महाग पडते. त्यापुढे खोकला दाबणारी औषधे, आणि ती पुरी पडली नाहीत तर नळीत जाळीदार स्टेंट.

उलटी शिंक हा खोकलाच नव्हे, पण त्यावरून घाबरगुंडी उडते. कुत्रा ताठ उभा राहून नाकाने भराभर हवा आत ओढतो, घोरल्यासारखा आवाज करतो आणि मिनिटभरात काही न झाल्यासारखा शेपूट हलवतो. एरवी ती निरुपद्रवी असते.

चारदोन दिवस बोर्डिंगमध्ये राहून आलेला कुत्रा २ ते १४ दिवसांत खोकू लागला, तर केनेल कफ असण्याची शक्यता मोठी. तो बोर्डेटेला हा जिवाणू आणि पॅराइन्फ्लुएन्झासारखे विषाणू यांमुळे पसरतो. धट्टाकट्टा कुत्रा एक ते तीन आठवड्यांत बरा होतो. पिल्लाला मात्र न्यूमोनिया होऊ शकतो. बरा होईपर्यंत त्याला इतर कुत्र्यांपासून दूर ठेवावे.

उतारवयातल्या लहान कुत्र्यांत हृदयाची मायट्रल झडप गळू लागते. त्यामुळे मोठा झालेला हृदयाचा डावा कप्पा श्वसनमार्गावर दाब देतो. पुढे फुप्फुसांत पाणी साचते. याची घरगुती चाचणी सोपी आहे. कुत्रा गाढ झोपला असता छाती मिनिटात किती वेळा वर येते ते मोजावे. आकडा सतत ३०च्या वर राहिला, तर पशुवैद्याला लगेच कळवावे. दम लागणे, निळ्या हिरड्या किंवा कोसळणे असेल तर सकाळची वाट पाहू नये.

माणसांचे कफ सिरप देऊ नये. त्यांतल्या काहींत पॅरासिटामॉल, स्यूडोएफेड्रिन किंवा झायलिटॉल असते; तिन्ही कुत्र्याला विषारी ठरतात.

दवाखान्याच्या टेबलावर कुत्रा बहुधा खोकतच नाही. म्हणून उबळ मोबाइलवर टिपून न्यावी. आवाजावरून पशुवैद्याला अर्धी वाट सापडते. क्ष-किरण चित्रे श्वास घेताना आणि सोडताना अशी दोन्ही वेळची काढतात, कारण एकाच चित्रात दबलेली नळी अगदी धडधाकट दिसू शकते.