कार्यालयातील मल्टिफंक्शन प्रिंटरवरून बिनतारी स्कॅनिंग : मांडणी आणि दक्षता

नागपूरच्या पश्चिमेस अमरावती मार्गावर वसलेली वाडी ही गोदामांची आणि मालवाहतूक कचेऱ्यांची वसाहत म्हणून परिचित आहे. येथील कचेऱ्यांत दिवसभर कागदांची ये-जा चालू असते. बिल्टी, बीजक, वजनकाट्याची पावती आणि माल पोचल्याची सही-शिक्क्याची प्रत या कागदांवर सारा व्यवहार उभा असतो. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. एखादी प्रत गहाळ झाली, तर भाड्याची रक्कम अडकून पडते आणि त्याचा जाब बहुधा टेबलावरच्या कारकुनालाच द्यावा लागतो.

या कारणास्तव छपाई, झेरॉक्स आणि स्कॅनिंग ही तिन्ही कामे करणारा मल्टिफंक्शन प्रिंटर आज लहान कार्यालयांतही आढळतो. शाळा, दवाखाने आणि धर्मग्रामांची कार्यालयेही त्यास अपवाद नाहीत. मात्र अनेक ठिकाणी छपाई सुरळीत चालते आणि स्कॅनिंग चालत नाही. मग ‘यंत्र बिघडले’ असा निष्कर्ष काढून नवे यंत्र विकत घेतले जाते किंवा संगणकाचे सर्व दरवाजे सताड उघडे ठेवून कसेबसे काम भागविले जाते. पहिल्या मार्गात पैसा वाया जातो, दुसऱ्या मार्गात सुरक्षितता गमवावी लागते. योग्य मांडणी कोणती, हे सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. स्कॅनिंगच्या दोन दिशा

छपाईमध्ये संगणक पाठवतो आणि यंत्र स्वीकारते. स्कॅनिंगमध्ये दोन दिशा संभवतात. पहिल्या पद्धतीत आपण संगणकासमोर बसून स्कॅनची आज्ञा देतो आणि संगणक यंत्राकडून चित्र मागवून घेतो. येथे संगणकाला यंत्राचा पत्ता ठाऊक असावा लागतो. दुसऱ्या पद्धतीत आपण यंत्राजवळ उभे राहून बटण दाबतो आणि यंत्र स्वतःहून ती फाईल संगणकातील ठरावीक फोल्डरमध्ये नेऊन ठेवते. येथे यंत्राला संगणकाचा पत्ता, फोल्डरचे नाव आणि आत शिरण्याची परवानगी या तिन्ही गोष्टी लागतात. शिवाय त्या वेळी संगणक चालू व जागा असावा लागतो.

एक-दोन व्यक्तींच्या कार्यालयास पहिली पद्धत पुरेशी आहे. यंत्राबरोबर मिळणारे सॉफ्टवेअर बसवले की काम होते. जेथे दिवसाकाठी शेकडो कागद येतात, तेथे दुसरी पद्धत सोयीची ठरते. बहुतेक अडचणी याच दुसऱ्या पद्धतीत उद्भवतात, म्हणून पुढील विवेचन प्रामुख्याने तिच्याविषयी आहे.

२. वायफायशी जोडणी

यंत्राच्या पडद्यावरील नेटवर्कच्या विभागात जाऊन कार्यालयाच्या वायफायचे नाव निवडावे आणि पासवर्ड द्यावा. अनेक प्रिंटर केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात. राउटरवर फक्त ५ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू असेल, तर अशा यंत्राला ते नाव दिसतच नाही. त्याचप्रमाणे राउटर केवळ डब्ल्यूपीए-३ या नव्या सुरक्षापद्धतीवर ठेवलेला असल्यास जुने यंत्र जोडले जात नाही. अशा वेळी डब्ल्यूपीए-२ व ३ असा संयुक्त पर्याय निवडावा.

यंत्र आणि संगणक एकाच नेटवर्कवर असणे अगत्याचे आहे. संगणक त्याच राउटरला तारेने जोडलेला असला तरी चालतो. परंतु यंत्र पाहुण्यांसाठी राखलेल्या वायफायवर असल्यास दोहोंची गाठ पडत नाही, कारण त्या नेटवर्कवरील उपकरणांना सामान्यतः एकमेकांपासून वेगळे ठेवलेले असते. यंत्राचे स्वतःचे वायफाय म्हणजे ‘वायफाय डायरेक्ट’ हे मोबाईलवरून एखादा कागद छापण्यापुरते ठीक आहे, कार्यालयीन स्कॅनिंगचा पाया म्हणून ते उपयोगाचे नाही.

३. पत्ता कायम करणे

‘काल चालत होते, आज चालत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा बदललेल्या पत्त्यात असते. राउटर प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता देतो, परंतु तो पत्ता काही काळापुरता उसना दिलेला असतो. वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की संगणकाला दुसराच पत्ता मिळू शकतो. यंत्र मात्र जुन्याच पत्त्यावर फाईल पाठवीत राहते.

यावर उपाय सोपा आहे. राउटरच्या व्यवस्थापन-पानावर पत्ता राखून ठेवण्याची सोय असते. तेथे संगणक व प्रिंटर या दोघांसाठीही एकेक पत्ता कायमचा राखून ठेवावा. प्रत्येक उपकरणाचा मॅक पत्ता ही त्याची ओळखखूण असते आणि प्रिंटरने छापलेल्या नेटवर्क-अहवालात ती मिळते. राखलेले दोन्ही पत्ते कागदावर लिहून यंत्राच्या बाजूस चिकटवावेत. पुढे येणाऱ्या माणसाचा बराच वेळ त्यामुळे वाचतो.

४. फोल्डर आणि त्याची किल्ली

संगणकावर स्कॅनसाठी एक स्वतंत्र फोल्डर तयार करावे. त्याचे नाव लहान, इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता द्यावे, कारण यंत्राच्या कळफलकावर देवनागरी बहुधा नसते. त्यानंतर विंडोजमध्ये केवळ या कामासाठी एक वेगळे, साधे खाते उघडावे आणि त्यास पक्का पासवर्ड द्यावा. फोल्डर शेअर करताना लिहिण्याची परवानगी याच एका खात्याला असावी. ‘एव्हरीवन’ हा पर्याय निवडणे म्हणजे तिजोरीची किल्ली दारावर टांगून ठेवण्यासारखे आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. संगणक उघडताना आपण जो चार-सहा आकडी पिन वापरतो, तो त्या संगणकापुरताच असतो, नेटवर्कवरून येणाऱ्या यंत्राला तो चालत नाही. तसेच पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून प्रवेश देत नाही. याखेरीज संगणकाचे नेटवर्क ‘प्रायव्हेट’ असल्याची आणि फायरवॉलमध्ये फाईल व प्रिंटर शेअरिंगला परवानगी असल्याची खातरजमा करावी.

५. यंत्रात नोंद करणे

संगणकाच्या ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता टाइप केल्यास यंत्राचे व्यवस्थापन-पान उघडते. बारीक पडद्यावर बोटांनी अक्षरे शोधण्यापेक्षा येथे काम करणे सुकर जाते. प्रथम व्यवस्थापकाचा मूळ पासवर्ड बदलावा. नंतर अॅड्रेस बुक अथवा स्कॅनच्या विभागात नवी नोंद करून संगणकाचा पत्ता, फोल्डरचे शेअर-नाव, खात्याचे नाव व पासवर्ड भरावा. पोर्टचा क्रमांक विचारल्यास तो ४४५ द्यावा. यंत्रातील दिनांक व वेळ अचूक असल्याचे पाहावे, कारण घड्याळ फार मागे-पुढे असल्यास सुरक्षित जोडणी नाकारली जाऊ शकते. शेवटी एक कागद ठेवून चाचणी घ्यावी.

चाचणी फसल्यास पडद्यावरील संदेश नीट वाचावा. संगणक सापडत नाही असा संदेश आल्यास पत्ता, फायरवॉल आणि झोपी गेलेला संगणक या तिन्ही बाबी तपासाव्यात. प्रवेश नाकारला असा संदेश आल्यास खात्याचे नाव, पासवर्ड व फोल्डरची परवानगी पाहावी. सर्व काही बरोबर असूनही जोडणी होत नसेल, तर पुढील मुद्दा निर्णायक ठरतो.

६. जुने दार पुन्हा उघडू नये

फोल्डरपर्यंत पोचण्यासाठी यंत्र एसएमबी नावाच्या नियमावलीचा वापर करते. तिची पहिली आवृत्ती जुनी व असुरक्षित आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने नव्या संगणकांवर ती बसवणेच थांबविले. २०२४ मधील विंडोज ११ च्या आवृत्तीने नियम आणखी कडक केले. त्यामुळे केवळ पहिली आवृत्ती जाणणारे जुने यंत्र संगणक बदलताच मुके होते. अशा वेळी दुरुस्तीस येणारा माणूस जुनी आवृत्ती पुन्हा सुरू करून देतो आणि काम तत्काळ चालू होते. हा उपाय टाळावा.

याचे कारण महाराष्ट्राने अनुभवले आहे. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने एसएमबीच्या याच पहिल्या आवृत्तीतील छिद्राचा उपयोग केला आणि सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक बाधित केले. ते छिद्र बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच, म्हणजे दोन महिने आधी दिलेली होती. २७ जून २०१७ रोजी आलेल्या नॉटपेट्यानेही पसरण्यासाठी अन्य मार्गांबरोबर तेच छिद्र वापरले. त्यात मर्स्क समूहाच्या संगणकयंत्रणा बंद पडल्या आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. बंदर अडले की मालाची वाट पाहणारी दूरची गोदामेही अडतात, हे वाडीच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

मग जुन्या यंत्राचे काय करावे? प्रथम निर्मात्याच्या संकेतस्थळावरून यंत्राचे फर्मवेअर अद्ययावत करावे, कारण पुष्कळ यंत्रांना त्यातून एसएमबीची दुसरी वा तिसरी आवृत्ती मिळते. तसे न झाल्यास संगणकावरून चित्र मागविण्याची पहिली पद्धत वापरावी किंवा फाईल यूएसबी पेनड्राईव्हवर घ्यावी.

७. ई-मेलने पाठविणे

यंत्रातून थेट ई-मेल करावयाचा असल्यास त्यात मेलसेवेचा तपशील भरावा लागतो. ३० मे २०२२ पासून जीमेलने अशा उपकरणांना नेहमीच्या पासवर्डने प्रवेश देणे बंद केले. आता खात्यावर दुहेरी पडताळणी सुरू करून १६ अक्षरी ‘अॅप पासवर्ड’ घ्यावा लागतो आणि तोच यंत्रात भरावा लागतो. या कामासाठी स्वतंत्र खाते ठेवणे श्रेयस्कर आहे. जीमेलमध्ये जोडलेल्या फाईलींची मर्यादा २५ मेगाबाइट आहे. पाठविताना फाईल सुमारे एकतृतीयांशाने फुगत असल्याने प्रत्यक्षात १८ मेगाबाइटच्या आत राहावे.

८. आकडा बदलू नये म्हणून

ए-४ आकाराचा कागद ३०० डीपीआयवर स्कॅन केल्यास सुमारे ८७ लाख बिंदू तयार होतात. रंगीत चित्रासाठी हे आकुंचनापूर्वी सुमारे २६ मेगाबाइट होतात, करड्या छटांसाठी ९ आणि निव्वळ काळ्या-पांढऱ्यासाठी जेमतेम एक. साध्या छापील पत्रास काळे-पांढरे पुरते. शिक्का, सही किंवा फिकट शाई असलेल्या कागदास करडी छटा अथवा रंगीत पर्याय निवडावा.

फाईल फार लहान करण्याच्या मोहात पडू नये. ऑगस्ट २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे स्कॅन करताना आकडेच बदलत होती. एका आराखड्यातील खोल्यांची वेगवेगळी क्षेत्रफळे स्कॅनमध्ये एकसारखी उमटली होती. जेबीआयजी-२ या आकुंचन-पद्धतीत एकसारखी भासणारी अक्षरे एकाच चित्राने भरली जात होती. आकडा पुसट नव्हता, स्वच्छ दिसत होता, पण चुकीचा होता. कंपनीने पुढे दुरुस्ती उपलब्ध केली. बोध इतकाच की फर्मवेअर अद्ययावत ठेवावे, ३०० डीपीआयहून खाली जाऊ नये, वजन व रकमेचे आकडे मूळ कागदाशी ताडून पाहावेत आणि स्कॅन झाले म्हणून मूळ कागद फाडू नये.

९. धर्मग्रामाच्या नोंदवह्या

कॅनन कायद्याच्या ५३५ व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवाव्या लागतात आणि जुन्या वह्या काळजीपूर्वक जतन कराव्या लागतात. या वह्या स्कॅन करताना पाने सुटी करून वरच्या फीडरमधून घालू नयेत, जीर्ण कागद त्यात अडकून फाटतो. वही काचेवर हलकेच ठेवून रंगीत स्कॅन घ्यावा. बांधणीवर ताण येत असेल, तर यंत्राचा आग्रह सोडून वरून छायाचित्र घ्यावे. दीर्घकाळ जतन करावयाच्या फाईलींसाठी २००५ साली प्रमाणित झालेला पीडीएफ-ए हा प्रकार योग्य होय. या नोंदींत कुटुंबांची खाजगी माहिती असते. म्हणून हे फोल्डर सर्वांसाठी खुले नसावे आणि त्याची एक प्रत वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवलेल्या डिस्कवर असावी.

१०. यंत्र परत करण्यापूर्वी

मोठी यंत्रे अनेकदा भाड्याने घेतली जातात किंवा वापरलेली विकत मिळतात. त्यांपैकी बऱ्याच यंत्रांत हार्ड डिस्क असते आणि तिच्यात स्कॅन केलेल्या कागदांच्या प्रतिमा राहू शकतात. अमेरिकेतील एका आरोग्यविमा संस्थेने भाड्याची झेरॉक्स यंत्रे डिस्क न पुसता परत केली आणि २०१३ साली तिला त्याबद्दल १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. यंत्र हातावेगळे करण्यापूर्वी त्यातील डिस्क पुसण्याचा पर्याय वापरावा, अॅड्रेस बुक व पासवर्ड काढून टाकावेत आणि संगणकावरील स्कॅनचे खातेही बंद करावे.

समारोप

बिनतारी स्कॅनिंग म्हणजे एका यंत्राला दुसऱ्याच्या घरात कागद ठेवण्याची दिलेली परवानगी होय. पत्ता कायम असावा, खोली एकच असावी आणि किल्ली त्या खोलीपुरतीच असावी. एवढे सांभाळले तर साधेसुधे यंत्रही अनेक वर्षे बिनतक्रार सेवा देते. आपल्या कचेरीतील कागद हा कुणाच्या तरी मजुरीचा, मालाचा वा नात्याचा पुरावा असतो. तो जपणे हे कारकुनी काम खरेच, पण त्यावर दुसऱ्याचा हक्क अवलंबून असतो, याचे भान यंत्रासमोर उभे असतानाही असावे.